इंग्लंडमधले मध्ययुगीन किल्ले : लंडन टॉवर झाल्यावर काय बघायचे?

मेडवेकाठ

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की निरोप यायला लागतात, "जूनमध्ये येतोय, एखादा किल्ला दाखव." यादी बहुतेकांची आधीच ठरलेली असते, टॉवर ऑफ लंडन आणि विंडसर. बघा, नाही म्हणत नाही. पण टॉवरमध्ये आपली मंडळी कोहिनूरच्या रांगेत उभी राहतात, आणि विंडसर हा आजही राहता राजवाडा असल्याने तिथले दिवाणखानेच जास्त लक्षात राहतात. (तिथल्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला आहे, तो मात्र चुकवू नका.)

किल्ला म्हणून किल्ला बघायचा असेल तर माझ्या मते रॉचेस्टर, डोव्हर आणि केनिलवर्थ हे तीन बघावेत, आणि याच क्रमाने. १२१५ ते १२६६ या काळात, म्हणजे जॉन आणि तिसरा हेन्री या बापलेकांच्या राजवटींत, तिन्हींना वेढे पडले. वेढ्यात काय घडले ते अजून तिथल्या दगडमातीत दिसते. फलक वाचला नाही तरी चालते.

आधी थोडे मागचे. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकायला पेव्हन्सीला उतरला तेव्हा तिथल्या जुन्या रोमन तटाच्या आत त्याने आपला कोट उभा केला, मग हेस्टिंग्जला दुसरा. या स्वारीची गोष्ट चितारणाऱ्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जची माती उपसणारे मजूर दाखवले आहेत, आणि त्यातले दोघे काम सोडून एकमेकांच्या डोक्यात फावडी घालताना दिसतात! हे सुरुवातीचे किल्ले म्हणजे मातीचा उंच ढिगारा, वर लाकडी बुरूज आणि पायथ्याशी खंदक-कुंपणाने बंदिस्त केलेले आवार. मॉट-अँड-बेली म्हणतात याला. दगड नको, गवंडी नको, आसपासची माणसे वेठीला धरली की झाले. मूठभर परके लोक अख्ख्या देशावर बसणार होते, त्यांना घाई होती. भर शहरातली घरे पाडून किल्ले बांधले गेले. एकट्या लिंकनमध्ये किल्ल्यापायी १६६ घरे गेल्याची नोंद १०८६ च्या डोम्सडे पाहणीत आहे. दगडी बांधकाम बहुतेक ठिकाणी सवडीने, नंतर आले. टॉवरमधला व्हाइट टॉवर १०७० च्या दशकात सुरू झाला. त्यावर देखरेख होती गुंडुल्फ नावाच्या बिशपची, आणि तो बिशप होता रॉचेस्टरचा.

तर रॉचेस्टर. लंडन-डोव्हर रस्ता मेडवे नदी ओलांडतो तिथे हा किल्ला आहे. मधला चौकोनी बालेकिल्ला ११२७ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने बांधायला घेतला. उंची सुमारे ३४ मीटर, भिंती तळाशी १२ फुटांच्या आसपास जाड.

१२१५ च्या जूनमध्ये जॉनने मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या अधिकारांना वेसण घालणाऱ्या सरदारांच्या सनदेवर, शिक्का उठवला आणि उन्हाळा संपायच्या आत पोपकडून ती रद्दही करून घेतली. बंडखोर सरदारांनी रॉचेस्टर बळकावला. लंडनकडे येणारी वाट अडली, म्हणून ऑक्टोबरात जॉन स्वतः चालून आला. दगड फेकणारी यंत्रे लावून काही होईना, तेव्हा त्याने सुरुंग खणायला घेतला. बारूद इंग्लंडात अजून कोणी पाहिली नव्हती. तेव्हाचा सुरुंग म्हणजे बुरुजाच्या पायाखाली भुयार खणायचे, छताला लाकडी टेकू देत पुढे जायचे आणि शेवटी ते टेकू पेटवून द्यायचे. टेकू जळले की वरची भिंत खाली बसते. आता ओल्या भुयारात जाळ भडकवायचा कसा? २५ नोव्हेंबरला राजाने आपल्या कारभाऱ्याला धाडलेला हुकूम आजही उपलब्ध आहे: रात्रीचा दिवस करून ४० डुकरे पाठवा, लठ्ठात लठ्ठ आणि खायला निकामी अशी. त्या चरबीने दक्षिण-पूर्वेचा कोपरा पाडला.

तरी आतली माणसे हटली नाहीत. बालेकिल्ल्याच्या मधोमध एक जाड आडवी भिंत आहे, तिच्यामागे सरकून अर्धा बुरूज त्यांनी लढवला. दाणागोटा संपल्यावर घोडे मारून खाल्ले. ३० नोव्हेंबरला शरण आले. जॉनला सगळ्यांना फासावर चढवायचे होते. त्याच्याच एका सेनानीने समजावले की उद्या आपली माणसे त्यांच्या हाती लागली तर? त्या काळच्या एका बखरकाराने लिहून ठेवले आहे की यानंतर किल्ल्यांवर भरवसा ठेवणारे थोडेच उरले.

आज तिथे बाहेरून बघा. तीन कोपरे चौकोनी आणि चौथा गोल. पडलेला कोपरा तिसऱ्या हेन्रीच्या काळात पुन्हा बांधला तो गोल, कारण चौकोनाचा कोपरा पोखरायला सोपा जातो. आत एकही मजला शिल्लक नाही. भिंतीत तुळयांची भोके आणि अधांतरी लटकणाऱ्या शेकोट्या, आणि मधल्या भिंतीच्या नक्षीदार कमानी. ज्या भिंतीमागे ते लोक घोड्याचे मांस खात बसले होते ती हीच. जिना चढून थेट वर जाता येते.

डोव्हर याच गोष्टीचा पुढचा भाग. बंडखोरांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, लुईला, इंग्लंडचा मुकुट देऊ केला आणि तो १२१६ च्या मे महिन्यात फौजेसह उतरला. लंडनने त्याचे स्वागत केले, पण डोव्हर अडून बसला. किल्लेदार होता ह्यूबर्ट द बर्ग. लुईच्या माणसांनी उत्तरेच्या दरवाजाचा एक बुरूज सुरुंगाने पाडला आणि आत घुसले. शिबंदीने त्यांना मागे रेटून खिंडार लाकडांनी बुजवले. ऑक्टोबरात जॉन मेला, त्याचा नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला, सरदारांचे भांडण जॉनशी होते ते पुसट झाले, आणि पुढच्या वर्षी लुई परत गेला. ह्यूबर्टने काय केले? तो उत्तरेचा दरवाजा कायमचा चिणून टाकला आणि पश्चिमेच्या कड्याच्या बाजूला नवा कॉन्स्टेबल्स गेट बांधला. दोन्ही आज दिसतात. बाहेरच्या बाजूने गुपचूप फौज काढता यावी म्हणून त्याने खणलेले भुयारी मार्गही बघता येतात.

डोव्हरला अर्धा दिवस पुरत नाही. आवारात रोमन दीपगृह आहे, त्याला खेटून सॅक्सन काळातले चर्च. खाली कड्याच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातले बोगदे. फ्रान्समधल्या डंकर्कहून ३ लाख ३८ हजार सैनिक परत आणण्याची १९४० ची मोहीम तिथून चालवली गेली.

केनिलवर्थचा वेढा इंग्लंडातला सर्वांत लांबलेल्यांपैकी. तिसऱ्या हेन्रीने हा किल्ला आपल्या मेव्हण्याला, सायमन द माँटफर्टला दिला, आणि तोच त्याच्यावर उलटला. १२६५ मध्ये सायमन लढाईत पडला. त्याची हजारावर माणसे केनिलवर्थमध्ये घुसून बसली. राजाला किल्ल्याजवळ जाताच येईना, कारण जॉननेच पूर्वी ओढे अडवून किल्ल्याभोवती शंभरेक एकरांचा तलाव करून ठेवला होता. पाण्यात सुरुंग कसा खणणार? चेस्टरहून होड्या आणून हल्ला केला, तोही फसला. पोपच्या वकिलाने आतल्यांना धर्मबहिष्कृत केले, तर त्यांनी आपल्यातल्याच एकाला पांढरे झगे चढवून तटावर उभे केले आणि राजाला व त्या वकिलाला उलट बहिष्कृत करून टाकले. जून ते डिसेंबर असा खेळ चालला. शेवटी उपासमार आणि रोगराईने शिबंदी खाली झाली, पण तहाच्या अटी मिळवून: दंड भरा आणि जमिनी परत घ्या.

आता तिथे तलाव नाही. १६५० च्या सुमारास तो फोडला आणि बालेकिल्ल्याची एक भिंतही उडवली. गाडीतळावरून आत जाताना ज्या लांब उंचवट्यावरून आपण चालतो तो जॉनचा बांध. उजव्या-डाव्या हाताला कुरणे दिसतात ती तलावाचा तळ, हे डोक्यात ठेवून चाला.

बाकीचे प्रतिसादांत बोलू.

रेवाक्का

वाचनखूण साठवली. डुकरांचा किस्सा घरात मोठ्याने वाचून दाखवला, लेकाला आता रॉचेस्टरच बघायचंय. पण सासूबाई सोबत आहेत, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांना यातलं काय जमेल?

मेडवेकाठ

रेवाक्का, रॉचेस्टरचा बालेकिल्ला म्हणजे निव्वळ जिना आहे, त्यांना नका चढवू. खालच्या हिरवळीवर बाक आहेत, समोरच कॅथीड्रल आहे आणि तिथे आत सपाट चालणे आहे. तुम्ही वर जाऊन येईपर्यंत त्यांचा वेळ छान जाईल. डोव्हरला चढ फार. केनिलवर्थला मुख्य अवशेष हिरवळीवरून फिरत बघता येतात, शिवाय एलिझाबेथच्या काळातली बाग पुन्हा उभी केली आहे. राणी १५७५ मध्ये तिथे १९ दिवस मुक्कामाला होती, यजमान रॉबर्ट डडलीने बहुधा लग्नाच्या आशेने पाण्यासारखा पैसा ओतला. लग्न काही झाले नाही. आणि टॉवरमध्ये रत्नभांडाराला पायऱ्यांशिवाय जाता येते, मुकुटांसमोर तर सरकता पट्टाच आहे, उभ्या उभ्या दर्शन.

सह्यवेडा

लेख आवडला, पण खरं सांगू का, हिरवळीवरून चालत जाऊन तिकीट दाखवून किल्ल्यात शिरायचं म्हणजे आमच्यासारख्याला जरा अळणीच. असो, जळजळ समजा.

दोन प्रश्न. कॉनवी आणि कार्नार्व्हन यादीत का नाहीत? आणि तिथल्या गाईडने सांगितलं होतं की गोल जिने उजवीकडे वळत चढतात, म्हणजे वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहतो आणि खालच्याचा अडतो. उकळतं तेल ओतायची भोकंही दाखवली. हे सगळीकडे असंच आहे का?

तटबंदी

सह्यवेडा, कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेख, ब्युमॅरिस हे वेल्समध्ये. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर ते दाबात ठेवण्यासाठी बांधलेले, आणि १९८६ पासून जागतिक वारसा यादीत. वेल्सच्या माणसासमोर त्यांना इंग्लिश किल्ले म्हणून बघा, मग कळेल.

जिन्याची कथा गाईडांची लाडकी आहे. मध्ययुगातल्या कोणी असं कारण लिहून ठेवलेलं नाही, ती विसाव्या शतकात रुजली. डावीकडे वळणारे जिनेही भरपूर आहेत. आणि विचार करा, शत्रू तुमच्या बालेकिल्ल्याच्या जिन्यात पोचला म्हणजे किल्ला गेलेलाच आहे. तेलाचंही तसंच. तेल महाग वस्तू, घरात दिव्याला जपून वापरायची. दगड आणि गरम पाणी फुकट. दरवाजाच्या छतातल्या भोकांमधून खाली लावलेल्या आगीवर पाणी ओतायचं, हाही त्यांचा उपयोग होता.

आता धागाकर्तीशी भांडण. तीन वेढे उचलून "किल्ला म्हणून किल्ला" म्हणणं मला पटत नाही. इंग्लंडातल्या बहुतेक किल्ल्यांनी उभ्या आयुष्यात एकही मोठा वेढा पाहिला नाही. किल्ला म्हणजे सरदाराचं घर, कचेरी, न्यायालय, धान्याचं कोठार आणि मिरवायची जागा. डोव्हरचाच बालेकिल्ला घ्या. दुसऱ्या हेन्रीने ११८० च्या दशकात त्यावर प्रचंड पैसा खर्च केला. त्याच्या आधी काही वर्षं, ११७९ मध्ये, फ्रान्सचा राजा कँटरबरीला तिथला आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या समाधीच्या यात्रेला येऊन गेला होता आणि त्याला उतरवायला डोव्हरला धड जागा नव्हती. बेकेट मेला तो हेन्रीच्याच सरदारांच्या हातून, ११७० मध्ये. असे बडे यात्रेकरू बंदरावर उतरले की समोर राजाचं वैभव दिसावं, म्हणून तो बुरूज बांधला असं मानणारे इतिहासकार आहेत. इंग्लिश हेरिटेज या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये आतली दालनं भडक रंगांत सजवली, लोकांनी नाकं मुरडली, पण मध्ययुग तसंच भडक होतं. आपल्या डोक्यात राखाडी दगड बसलाय कारण रंग, गिलावा आणि पडदे गेले.

आणि बोडिअम! चारही बाजूंनी पाणी, त्यात कमळं, कॅलेंडरवरचा किल्ला. १३८५ मध्ये सर एडवर्ड डॅलिंग्रिजने राजाकडून तटबंदीचा परवाना घेतला, कारण दिलं फ्रेंच हल्ल्यांचं. राय आणि विंचेल्सी ही गावं फ्रेंचांनी तेव्हा जाळलेली, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण खंदकाचा बांध फोडला तर पाणी वाहून जाईल, खिडक्या ऐसपैस, आतल्या खोल्या शेकोट्या-शौचकूपांसह चैनीच्या. फ्रान्समधल्या लढायांतून आणि बायकोच्या वतनातून वर आलेल्या माणसाने "मी आता मोठा झालो" असं दगडात लिहून ठेवलंय.

मेडवेकाठ

तटबंदी, बोडिअमबद्दल वाद नाही, म्हणूनच तो माझ्या तिघांत नाही! आणि कचेरी-कोठार हेही खरे. पण पाहुण्याला ते दिसत कुठे? कोठारात आता धान्य नाही, न्यायालयात माणूस नाही, पडक्या दिवाणखान्यात उभे राहून हिशेबाच्या वह्यांची कल्पना करणे सगळ्यांना जमत नाही. गोल बुरूज दहा वर्षांच्या मुलालाही विचारायला लावतो की हा एकच वेगळा का? वेढा विरळा असेल, पण त्याने भिंतीत जे केले ते समोर असते. शिवाय दिमाख म्हणा की संरक्षण, ते आलटून पालटून एकच होते. ऑर्फर्ड बघा, दुसऱ्या हेन्रीने ११६५ ते ११७३ मध्ये सुमारे १४०० पौंड खर्चून बांधला. बाहेरून बहुकोनी, तीन चौकोनी बुरूज चिकटवलेले. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत हे खरेच, पण ते डोळे कोणाचे? शेजारच्या फ्रॅमलिंगहॅमच्या बिगॉड सरदाराचे, ज्याच्यावर राजाला वचक बसवायचा होता.

पिंगळा

+१ दोघांनाही, आणि पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बोडिअम निघालाच आहे तर, तो आज उभा आहे यात मोठा वाटा लॉर्ड कर्झनचा आहे. होय, तोच, आपला व्हाइसरॉय. बंगालच्या फाळणीवाला. १९०५ मध्ये भारतातून परतल्यावर त्याला जुन्या वास्तूंचं वेड स्वस्थ बसू देईना. १९११ मध्ये लिंकनशायरमधला टॅटरशल विकला गेला होता, पंधराव्या शतकातला विटांचा देखणा बुरूज, आणि त्यातल्या कोरीव दगडी शेकोट्या काढून अमेरिकेला रवाना करायची तयारी झाली होती. कर्झनने किल्ला विकत घेतला, शेकोट्या हुडकून परत आणल्या आणि १९१२ मध्ये जागच्या जागी बसवल्या. या प्रकरणाचा गाजावाजा झाला आणि १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये स्मारकांच्या संरक्षणाचा कडक कायदा आला. पुढे त्याने बोडिअम विकत घेतला, खंदक उपसून उत्खनन केलं, डागडुजी केली. मृत्युपत्रात दोन्ही किल्ले नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले.

खडूस_आजोबा

गंमत अशी की भारतात प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा याच गृहस्थाने १९०४ मध्ये केला, म्हणजे मायदेशाच्या नऊ वर्षे आधी. पुरातत्त्व खात्यात जॉन मार्शलला आणले तेही यानेच. ज्या कर्झनच्या कारभाराची तुलना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून औरंगजेबाच्या कारभाराशी केली, त्याच कर्झनमुळे दोन देशांतल्या पडक्या भिंती वाचल्या. माणसे एका खणात बसत नाहीत.

पण फार कौतुकही नको. तटबंदी फोडून किल्ला निकामी करायचा धडा इंग्रजांनी आधी घरी गिरवला होता. १६४० च्या दशकात राजा विरुद्ध पार्लमेंट असे युद्ध झाले, त्यात पार्लमेंटने राजाच्या बाजूचे किल्ले बारुदीने उडवले. डॉर्सेटमधला कॉर्फ बघावा. लेडी मेरी बँक्स या बाईने तो १६४३ मध्ये लढवून राखला, पुन्हा वेढा पडला तेव्हा १६४६ मध्ये फितुरीने गेला, आणि मग असा उडवला की दरवाजाचे बुरूज आजही तिरके कलंडलेले आहेत. गावातल्या घरांना किल्ल्याचे दगड लागले. १८१८ नंतर आपल्या सह्याद्रीत याच हेतूने पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून तोडल्या. अलंग, मदन, कुलंगच्या तुटलेल्या वाटांवर दोर लावून चढणाऱ्या सह्यवेडांना ठाऊक आहेच.

सह्यवेडा

आजोबा, दंडवत. कॉर्फ यादीत टाकला.

अनघा_लीड्स

सगळं वेढे आणि वैभव चाललंय, म्हणून यॉर्कच्या क्लिफर्ड्स टॉवरबद्दल लिहिते. छोटासा आहे, गवताच्या उंच ढिगाऱ्यावर चार पाकळ्यांच्या आकाराचा. वसंतात उतारावर पिवळे डॅफोडिल्स फुलतात आणि सगळे तिथे फोटो काढतात.

त्या ढिगाऱ्यावर आधी लाकडी बुरूज होता. १६ मार्च ११९० च्या रात्री शहरातल्या सुमारे १५० ज्यूंनी त्यात आसरा घेतला होता. ज्यू लोक राजाच्या संरक्षणाखाली होते, म्हणून राजाचा किल्ला त्यांना सुरक्षित वाटला. बाहेर जमाव, त्याच्या पुढाऱ्यांत ज्यू सावकारांचे कर्जदार. सुटका नाही हे दिसल्यावर बहुतेकांनी आपल्या हाताने आपल्या माणसांना आणि स्वतःला संपवलं, बुरुजाला आग लागली. जे थोडे जीवदानाच्या वचनावर बाहेर आले त्यांनाही कापलं. मग जमाव कॅथीड्रलमध्ये गेला आणि तिथे ठेवलेली कर्जखतं जाळली. शंभर वर्षांनी, १२९० मध्ये, पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना इंग्लंडातून हाकललं.

आताचा दगडी बुरूज तिसऱ्या हेन्रीच्या काळातला. २०२२ पासून आत लाकडी गच्ची आणि जिने केलेत, वरून यॉर्क मिन्स्टर समोर दिसतं. पायथ्याशी ११९० चा फलक आहे. वर चढायच्या आधी तो वाचा.

रेवाक्का

हे माहीतच नव्हतं. लेकाला सांगताना कसं सांगावं याचा विचार करतेय.

चाफेकळी

डोव्हरला जाणार असाल तर जवळच वॉल्मर आणि डील आहेत. मध्ययुगीन नाहीत, आठव्या हेन्रीने १५४० च्या आसपास तोफांसाठी बांधलेले बुटके गोलगोल किल्ले, वरून फुलासारखे दिसतात. तोफा आल्यावर उंच बुरूज म्हणजे नेम धरायला सोय, हे तोवर कळलं होतं. नॉर्थम्बरलंडमधल्या बँबरोची तटबंदी १४६४ मध्ये तोफांनी फोडली होती.

वॉल्मर मराठी माणसाने बघावाच, कारण तिथे ड्यूक ऑफ वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ ला वारला. नेपोलियनला हरवणारा म्हणून जग ओळखतं, पण त्याआधी १८०३ मध्ये अहमदनगरचा भुईकोट घेणारा, असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आणि डिसेंबरात गाविलगड घेणारा आर्थर वेलस्ली तो हाच. त्याची खोली ठेवली आहे, साधा लष्करी पलंग आणि ज्यात जीव गेला ती खुर्ची. बूटसुद्धा. असईचं नाव तिथे कुणाच्या तोंडी ऐकलं नाही, वॉटर्लूचं हजारदा.

खडूस_आजोबा

असईत आपल्या तोफखान्याने त्याला रडवले होते. पुढे आयुष्यभर तो असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानत असे म्हणतात. अवांतर झाले, थांबतो.

कोकणकडा_९

मस्त धागा. कामाचं कोणी लिहील का? तिकीट, रेल्वे, आणि शाकाहारी खायला.

मेडवेकाठ

कोकणकडा, लिहिते.

इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या दोन वेगळ्या संस्था, एकीचा पास दुसरीकडे चालत नाही. डोव्हर, केनिलवर्थ, ऑर्फर्ड, क्लिफर्ड्स टॉवर, वॉल्मर पहिलीकडे. बोडिअम, कॉर्फ, टॅटरशल दुसरीकडे. टॉवर आणि विंडसर या दोन्हींत बसत नाहीत, त्यांची तिकिटे निराळी. परदेशातून येणाऱ्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ९ किंवा १६ दिवसांचा पास असतो. दोन-तीन मोठी ठिकाणे बघणार असाल तरच घ्या, दर त्यांच्या साइटवर आधी बघून हिशेब करा. हिवाळ्यात बरेच किल्ले फक्त शनिवार-रविवार उघडतात, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च येणाऱ्यांनी वेळा तपासल्याशिवाय निघू नये.

रेल्वे: लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून जलद गाडीने रॉचेस्टर पाऊण तासाच्या आत, डोव्हर प्रायरी सव्वा तासाच्या आसपास. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. केनिलवर्थला २०१८ पासून पुन्हा स्टेशन आहे, कव्हेंट्रीहून गाडी बदलून. वॉरिक तिथून जवळ. तोही विल्यमने १०६८ मध्ये सुरू केलेला जुना किल्ला, बुरूज भव्य आहेत, पण आता तो करमणूक उद्यानासारखा चालवतात. मुलांना आवडेल, तटबंदीला आवडणार नाही.

खाणे: भाजलेला बटाटा, चीज सँडविच, स्कोन. याच्या पलीकडे आशा ठेवू नका. घरून पोळीभाजी नेऊन हिरवळीवर बसायला कोणी हरकत घेत नाही. जॅकेट मात्र जूनमध्येही न्या, डोव्हरच्या गच्चीवर वारा उभे राहू देत नाही.

तटबंदी

वॉरिकचा टोमणा पोचला. बोडिअमला गाडी नसलेल्यांसाठी: टेंटरडनहून केंट अँड ईस्ट ससेक्सची वाफेच्या इंजिनाची गाडी थेट बोडिअमला जाते, रोज नसते, वेळापत्रक बघून जा. कॉर्फलाही स्वॉनेजची अशीच गाडी आहे, नॉर्डनला गाडी ठेवून चढायचं. रेवाक्का, सासूबाईंना बोडिअमच न्या. खंदकाभोवती सपाट वाट आहे, आणि दरवाजात वर बघायला सांगा, जुना लाकडी सरकता दरवाजा अजून अडकून आहे.

रेवाक्का

ठरलं मग. शनिवारी रॉचेस्टर, रविवारी टेंटरडनहून बोडिअम. डोव्हर लेकाच्या पुढच्या सुट्टीत. मेडवेकाठ, रॉचेस्टरला तुम्ही असाल तर व्यक्तिगत निरोप करते.